वाट्याला आलेली बाजू

मंगळवार, ३

बसस्थानकातल्या स्फोटाला आज आठवडा झाला. काचा झाडून झाल्या, वेळापत्रकाचा नवा फळा लागला आणि माणसं पुन्हा रांगेत एकमेकांना कोपरं मारू लागली. गेले ते गेले, उरले ते सगळे तज्ज्ञ झाले. आठवड्यापूर्वी ज्यांना शेजारच्या गल्लीत काय चाललंय याचा पत्ता नसे, ते आता डोंगरापलीकडच्या देशाचं राजकारण चहा गार होईपर्यंत समजावून सांगतात.

स्फोट करणाऱ्यांनी एक निवेदन काढलं आहे. तुमचं सैन्य चार वर्षं आमच्या देशात ठाण मांडून आहे, त्याचं हे उत्तर. आमच्या वाचनालयातल्या औषधवाल्याला तेवढं निमित्त पुरलं. वर्तमानपत्राच्या टेबलाशी चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "आपण तिकडे काय करतोय, ते कुणी बघितलंय का आधी?" याचा सख्खा भाचा त्या दिवशी रांगेत उभा होता. त्याचा गुडघ्याखाली पाय गेला. घरच्या माणसाचा पाय गेलेला आणि हे महाशय पाय तोडणाऱ्याची कैफियत मांडतात. असल्या मोठेपणाला आमच्या शाळेत बावळटपणा म्हणत.

त्याच्या समोर कर्नल बसतो. हा कर्नल जन्मात कधी पलटणीत नव्हता. जंगलखात्यात टंकलेखक होता, पण मिशा ठेवल्या आणि लोकांनी बढती दिली. "सगळं सपाट करून टाका," हे त्याचं परराष्ट्र धोरण. बाजू माझीच, पण मांडणारा असा, की आपलीच लाज वाटावी.

मी दोघांशीही बोललो नाही. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं वाचली. छापलेली चूक आणि बोललेली चूक यांत फरक इतकाच, की दुसरी पुसता येत नाही.

चिरंजीव तिकडेच आहेत. डोंगरापलीकडे, रस्त्यावरच्या एका नाक्याचे प्रमुख. शुक्रवारी रजेवर येतायत.


शुक्रवार, ६

आला!

सकाळपासून मी खिडकीत. ही मला दोनदा म्हणाली, "अहो, गाडी दुपारची आहे, तुम्ही बघून ती लवकर येणार नाही." हिला वाट पाहण्यातलं काव्य कधी कळलं नाही. चौथीच्या पुस्तकात एक कविता होती. कवीचं नाव विसरलो, पण बाकावर उभं राहून म्हटलेली चाल अजून कानात आहे:

दार अजुनी उघडे आहे, दिवा अजुनी तेवतो,
वाटेवरच्या धुळीत डोळा तुझी पाउले शोधतो.

चिरंजीव पाच वर्षांचे असताना ही कविता मी त्यांच्याकडून घोकून घेतली होती. तेव्हा 'पाउले'च्या जागी 'पावभाजी' म्हणायचे. आज दार उघडलं आणि उंबऱ्यातच मी पहिली ओळ म्हटली. दुसरी त्यानं म्हणायची, असा आमचा लहानपणापासूनचा करार. तो नुसता हसला. ही मागून म्हणाली, "आधी आत तर येऊ द्या त्याला."

वाळला आहे. पण रुबाब तोच. आत आल्यावर खुर्ची फिरवून घेतली, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे, आणि तसाच बसल्या बसल्या झोपला. याला म्हणतात शिस्त. औषधवाल्याला हे दृश्य दाखवायला हवं होतं.


रविवार, ८

एक गंमत झाली. चिरंजीवांच्या सगळ्या विजारी कमरेत सैल झाल्यात, म्हणून हिनं शिवणयंत्र काढलं. हिच्या माहेरचं ते, हिच्याइतकंच जुनं आणि तितकंच बोलकं. एक शिवण झाली असेल नसेल, चिरंजीव आतून आले आणि फिरत्या चाकावर सरळ हात ठेवला. चाक थांबलं, दोरा तुटला. "नको आई," एवढंच म्हणाला.

मला तर भरून आलं. लहानपणी अगदी असंच करायचा! ही शिवायला बसली की चाक धरून ठेवायचा आणि लाडू दिल्याशिवाय सोडायचा नाही. मी म्हटलं, बघ, पलटणीत गेला तरी खोड गेली नाही. ही माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच दोरा तोडला होता.

दुपारी पाहतो तर यंत्रावर चादर घातलेली, खाली टोकं नीट खोचलेली. मी विचारलं, तर म्हणाली, "त्यानं घातली. ती खोड नव्हती हो." हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. मी म्हटलं, अगं, तरुण पोरांना सुट्टीत शांतता हवी असते.

नाक्यावरची मुदत आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायची की नाही, ते या महिनाअखेर त्याला कळवायचंय. विचारलं तर "बघू" म्हणाला. बघायचंय काय त्यात? आपली माणसं तिकडे आहेत म्हणून इकडे आपण सुखानं चहा पितो. मी तसं म्हणालो. तो उठून बाहेर गेला. चपला न घालता.


बुधवार, ११

आज वाचनालयात चिठ्ठ्या निघाल्या आणि माझी शोभा झाली.

आमच्या वादसभेची एक रीत आहे. संस्थापक कुणी निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी घालून दिलेली. विषय ठरतो, पण बाजू निवडायची नाही. बाजू चिठ्ठीनं येते आणि वाट्याला आली की स्वतःचं मत घरी ठेवून तीच जीव ओतून मांडायची. जो अर्ध्या मनानं बोलेल त्याचं पुढच्या वर्षी व्यासपीठ बंद. न्यायाधीशांचं म्हणणं, विरुद्ध बाजू ज्याला मांडता येत नाही त्याला स्वतःची कळलेलीच नसते. या रीतीचं कौतुक मी गेली वीस वर्षं पाहुण्यांना ऐकवत आलो. सुपात असताना हसणं सोपं असतं.

यंदाचा विषय अर्थातच: 'परदेशात आपण जसे वागतो, त्यामुळे आपल्यावर दहशतवादी हल्ले होतात काय?' ग्रंथपाल बाईंनी डबा पुढे केला. माझी चिठ्ठी, 'होय'. औषधवाल्याची, 'नाही'.

कर्नल खो खो हसला. औषधवाला म्हणाला (वाचनालयात मला सगळे कविराज म्हणतात), "कविराज, या वर्षी तुम्ही माझी भाकरी खायची आणि मी तुमची. बघू कुणाला पचते." मी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, दोघांनी चिठ्ठ्या बदलल्या तर कुणाचं काय बिघडतं? बाई पट्टी टेबलावर आपटत म्हणाल्या, "नियम तुम्हीच मला शिकवलात."

घरी येऊन सांगितलं. ही म्हणाली, "मग बोलूच नका या वर्षी." न बोलायला मी काय पाहुणा आहे?


शुक्रवार, १३

सुचलं. आणि असं सुचलं, की मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बाजू मांडायची तर मांडू, पण अशी, की ती आपल्याच वजनानं कोसळावी. या 'होय'वाल्यांची सगळी मदार रडण्यावर असते. आकडे नाहीत, पुरावे नाहीत, एक कुणीतरी गरीब बिचारा पकडायचा आणि त्याच्या नावानं टाहो फोडायचा. मग आपणही फोडू. इतका मोठा टाहो, की सभागृह हसून लोळेल. नियम पाळला जाईल आणि बाजूही मरेल.

गोष्ट अशी रचली आहे. डोंगरापलीकडे एका गावात एक म्हातारा मास्तर. शाळेची घंटा तडकलेली. (आमच्या शाळेची तडकली होती, तिचा तो फुटक्या आवाजातला 'ठण्ण' आठवला की अजून बोरांची चव जिभेवर येते.) मास्तर पै पै जमवून शहरातून नवी घंटा आणतो. पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, टेम्पोच्या हौद्यात बसून निघतो. नाक्यावर आपला शिपाई हात वर करून थांबायची खूण करतो. आता गंमत, त्यांच्याकडे तसा हात करणं म्हणजे 'या, या'! चालक बिचारा गाडी आणखी जोरात हाकतो. शिपायांना पोत्यात बॉम्ब दिसतो. धाड, धाड. मास्तर जातो. घंटा मात्र टेम्पोतून निसटते आणि वाजत, गडगडत डोंगर उतरते. आणि ज्या ज्या घरात तिचा आवाज जातो, त्या त्या घरी एकेक दहशतवादी जन्माला येतो!

इथे सगळे हसणार. हसलेच पाहिजेत.

हिला वाचून दाखवली. हिनं चहाचा कप तसाच धरून ठेवला. म्हणाली, "हे त्याच्यासमोर वाचू नका."

मी म्हटलं, अगं, सगळं माझ्या डोक्यातलं आहे. असा मास्तर नाही, अशी घंटा नाही.

"तिकडे काय झालं, ते तुम्ही एकदा तरी विचारलंत का त्याला?"

विचारायचं काय? पत्रांत काही नव्हतं. झालं असतं तर लिहिलं नसतं? या जगाला काखेत कळसा आणि गावाला वळसा घालायची भारी हौस. औषधवाल्यानंही तेच करायचं आणि घरातल्या माणसानंही.


सोमवार, १६

संताप संताप झाला आहे.

कर्नलनं बातमी आणली, की चिरंजीव रोज सकाळी औषधवाल्याच्या घरी जातात. त्या भाच्याला चाकाच्या खुर्चीत बसवून तळ्यापर्यंत फिरवून आणतात. कर्नल डोळा बारीक करून म्हणाला, "पोरगं फितवलं जातंय, कविराज." मला कर्नलचा नेहमी राग येतो, आज पहिल्यांदा पटलं. म्हणजे हा औषधवाला असा माणूस! व्यासपीठावर जिंकता येणार नाही म्हणून घरात सुरुंग लावतो.

तडक दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, तरी म्हटलं, माझ्या मुलाला काय शिकवताय?

औषधवाल्यानं गिऱ्हाइकाच्या गोळ्या मोजून दिल्या, मग म्हणाला, "मी काही शिकवत नाही. दोघं बोलतसुद्धा नाहीत फारसं. खुर्ची ढकलतो, आणून सोडतो."

"मग येतो कशाला?"

"पहिल्यांदा झोपेच्या गोळ्या मागायला आला होता. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी दिल्या नाहीत." आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "तुम्हाला ठाऊक असेल, झोपत नाही तो."

काहीच्या बाही! खुर्चीत बसल्या बसल्या झोपणाऱ्या पोराला झोप येत नाही म्हणे. मी तसं सांगितलं तर त्यानं मान डोलावली. लहान मुलाला डोलावतात तशी.

चिरंजीवांना जेवताना एवढंच म्हणालो, की बुधवारी सभेला यायचं. मला सगळ्यांना दाखवायचंय, की ज्याचा मुलगा तिकडे उभा आहे, तो बापसुद्धा रीत म्हणून उलट बाजू मांडू शकतो. हिनं ताटाकडे बघत विचारलं, "यायलाच हवं का त्यानं?" तो म्हणाला, "येईन. त्यालाही आणतो, तो कंटाळलाय घरात." त्याला म्हणजे भाच्याला.


गुरुवार, १९

कालचं आज सकाळी लिहितो आहे. अक्षर नीट येत नाही.

सभागृह भरलं होतं. खिडक्यांत माणसं. एरवी आमच्या वादसभेला वीस डोकी आणि त्यांतली सहा पेंगणारी. स्फोटानं श्रोते पुरवले, असं मी मनात म्हटलं. ही तिसऱ्या रांगेत. चिरंजीव अगदी मागे, दाराशी, भाच्याच्या खुर्चीच्या मुठी धरून उभे.

क्रमाचीही चिठ्ठी निघाली, औषधवाला आधी. मला खात्री होती, हा गुळमुळीत बोलणार. मनात एक आणि ओठावर दुसरं असलं की दुकानदार माणसाची कशी तारांबळ उडते, ते बघायला मी पुढे सरकून बसलो होतो. पण तो बोलला. कागद नव्हता हातात. म्हणाला, "ते निवेदन मी चार वेळा वाचलं. त्यात माझ्या भाच्याचं नाव नाही. तो कधी कुठल्या देशात गेला नाही, तो मावशीकडे चालला होता. मारणाऱ्याला कारण पुरवू नका. कारण दिलंत की तो खुनी राहत नाही, वकील होतो. आपलं सैन्य उद्या परत आलं तर त्याला दुसरं कारण सापडेल, कारणं रस्त्यावर पडलेली असतात. तिकडे आपलं चुकत असेल, तर ते चूक आहे म्हणून सुधारू. त्यांच्या भीतीनं नको. भीतीनं सुधारलेलं टिकत नाही."

माझं मत, माझ्याच शब्दांत मला कधी इतकं चांगलं मांडता आलं नव्हतं. तेही ज्याला ते मान्य नाही त्याच्याकडून. टाळ्या झाल्या. भाचा मान खाली घालून बसला होता. त्याच्या विजारीचा रिकामा पाय पिनेनं वर टोचलेला मला व्यासपीठावरून दिसत होता.

मग मी. दोन मिनिटं प्रास्ताविक, आणि मग घंटा काढली. आवाज असा लावला, जसा पूर्वी स्नेहसंमेलनात लावायचो. मास्तर आला, तडकलेली घंटा आली. कर्नल हसायला लागला. मी हात वर करून नाक्यावरच्या शिपायाची खूण करून दाखवली आणि सांगितलं, की त्यांच्याकडे याचा अर्थ 'या, या'. कर्नल एकटाच हसत होता. मला वाटलं, बाकीचे शेवटासाठी थांबलेत. टेम्पो जोरात निघाला. पोतं. धाड, धाड. घंटा गडगडत डोंगर उतरू लागली...

"घंटा नव्हती, बाबा."

आमच्या सभेत श्रोत्यांनी मध्ये बोलायचं नाही, असा नियम आहे. बाईंनी पट्टी उचलली. मागे बघितलं आणि खाली ठेवली.

"शिवणयंत्र होतं," तो म्हणाला.

मला अजूनही वाटत होतं, की हा काहीतरी विनोद करतोय. मी म्हणालोसुद्धा, की बस, बस, मला पुरं करू दे. त्यानं ऐकलं नाही. खुर्चीच्या मुठी सोडल्या नाहीत, पुढे आला नाही, आवाजही चढवला नाही. माझ्या गोष्टीतली चूक दुरुस्त करावी तसा बोलत होता.

म्हणाला, "म्हातारा नव्हता. बाई होती. रजईत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं तिनं. खुणेचं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे, ते आम्हाला नंतर कळलं. हुकूम मी दिला. आम्ही रजई सोडली तेव्हा त्याचं चाक फिरत होतं. बराच वेळ फिरत होतं."

कुणीतरी खिडकीतून विचारलं, मग स्फोट त्याचाच बदला का. असले लोक कुठेही असतात, प्रेताशेजारीसुद्धा उत्तरपत्रिका मागणारे. चिरंजीव म्हणाले, "माहीत नाही. बसस्थानकात होते ते त्या गावचे नसतीलच बहुतेक. ह्याचा पाय तिच्यामुळे गेला, असं मी म्हणत नाही. ज्यांनी तोडला त्यांनीच तोडला. पण तिचा भाऊ मागून सायकलवर येत होता. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. तो पुढे काय करील ते मला माहीत नाही. काही करणारही नाही कदाचित. पण तो मला ओळखतो. एवढंच मला माहीत आहे. वरती आम्ही 'संशयित वाहन' म्हणून कळवलं."

मग म्हणाला, "तुम्ही बोला बाबा. सॉरी."

मी उभाच होतो. हात अजून वर होता, शिपायाचा. तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही. बाई हळूच म्हणाल्या, "खाली या." सभा तशीच मोडली. श्रोत्यांचं मत घेतलं नाही. वाचनालयाच्या इतिहासात असं पहिल्यांदा झालं, असं कुणीतरी जाता जाता म्हणालं.

मला एकच कळत नाही. मी ती गोष्ट बनवली होती. हसवायला बनवली होती. ती मला सुचली कशी?

ही घरी येताना माझ्या बाजूनं चालली नाही. त्याच्या बाजूनं चालली.


शनिवार, २१

कर्नल आला होता. सांत्वनाला म्हणून, पण डोळ्यांत चौकशी. म्हणाला, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय, जाहीर करून टाका, म्हणजे प्रकरण मिटेल. आणि एका बाईचं काय घेऊन बसलात, लढाईत असं चालायचंच.

मी विचारलं, तुम्ही आयुष्यात कधी कुणाला थांब म्हणून हात केलाय का?

"म्हणजे?"

"थांबा म्हणून. आणि तो थांबला नाही, असं झालंय का?"

त्याला कळलं नाही. मलाही मी काय विचारतोय ते नीट कळलं नव्हतं, पण त्याला बाहेर काढायला तेवढं पुरलं. गेला. मिशीसकट गेला.

ग्रंथपाल बाईंचा निरोप आहे. सभेचं म्हणणं पडलं, की वाट्याला आलेली बाजू यंदा मीच पूर्ण मांडली, म्हणून विजेत्यांच्या फळ्यावर माझं नाव रंगवायचं. हात दाखवून अवलक्षण कसं करावं याचा फळा असेल तर त्यावर रंगवा, असं कळवलंय. नियम म्हणजे नियम, असं बाईंचं उत्तर येईल. येऊ दे.

दुपारी चिरंजीवांजवळ जाऊन बसलो. मुदतीचं मी काढलं नाही. त्यानंच सांगितलं, वाढवणार नाही. आणि परत गेल्यावर, जे इथे सांगितलं तेच तिथे, जिथे सांगायला हवं तिथे सांगणार.

"मग काय होईल?"

"माहीत नाही."

"शिक्षा होईल?"

"होईल कदाचित. किंवा काहीच होणार नाही." मग म्हणाला, "काहीच झालं नाही, तर जास्त वाईट."

मला चौथीची कविता आठवत होती. म्हणून दाखवावी असं मनात आलं. मग वाटलं, दार उघडं आणि दिवा तेवता, हे सगळं घरात बसलेल्याच्या बाजूनं लिहिलेलं आहे. वाटेवरून येणाऱ्यानं काय केलंय, ते त्या कवितेत कुणी विचारतच नाही. इतकी वर्षं मुद्रितं वाचली, ही जागा कधी दिसली नाही. म्हटली नाही.


सोमवार, २३

उद्या सकाळच्या गाडीनं तो जातो आहे.

आज औषधवाला घरी आला. गेली वीस वर्षं एका टेबलाशी बसतो, पण माझ्या घरी पहिल्यांदाच. खुर्चीतून भाच्याला घेऊन आला होता. मी दारातच आडवा उभा. टोमणा कुठला मारावा, याचा विचार करत होतो, एकही सापडला नाही. तोच म्हणाला, "तुमची बाजू पचली नाही मला, कविराज. अजून इथे अडकलीये." आणि छातीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, तुमचीही मला जड गेली. आत या.

काम छोटंसं होतं. भाच्याच्या विजारीचा एक पाय आखूड करून हवा होता. पिना टोचतात आणि शिंप्याकडे जायला त्याला लाज वाटते. औषधवाल्याला वाटलं, आमच्या घरी यंत्र आहे. बोलून गेला आणि मग लक्षात आलं त्याच्या, काय मागितलं ते. चपापून माझ्याकडे बघायला लागला, चिरंजीवांकडे बघवेना.

ही म्हणाली, "मी हातानं शिवून देते. कितीसं आहे?"

भाचा म्हणाला, राहू द्या, घाई नाही.

मग चिरंजीव उठले. कोपऱ्यात गेले, चादरीची खोचलेली टोकं एकेक करून सोडवली, चादर काढून नीट घडी घातली. यंत्र खिडकीशी उजेडात ओढून आणलं. आईसाठी स्टूल ठेवलं. सुईत दोरा ओवायला गेले, ओवेना. भाच्यानं खुर्ची पुढे सरकवली, त्याच्या हातातून दोरा घेतला आणि ओवला.

ही बसली. मी दाराशी. पहिली एकदोन मिनिटं तिनं यंत्रावर नुसता हात ठेवला होता. मग त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली.

आवाज सुरू झाला. तोच जुना, खडखड्या, हिच्या माहेरचा. मी चिरंजीवांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि मला एवढंच कळलं, की हा चेहरा तो आल्यापासून मी एकदाही पाहिलेला नाही. पाहत होतो तो दुसराच कुणीतरी होता, पाच वर्षांचा.

शिवण संपली. हिनं पायडलवरून पाय काढला. चाक अजून थोडं फिरत होतं. त्याचा हात उचलला गेला, अर्ध्यावर आला, आणि तिथेच थांबला. त्यानं चाक धरलं नाही. ते आपण होऊन थांबेपर्यंत आम्ही पाचही जण त्याच्याकडे बघत राहिलो.